आईच्या थडग्यासाठी कॅमेरा

मी चिडका माणूस नाही. हे वाक्य मी घरात उच्चारलं की माझी बायको मर्जान हातातला चहाचा पेला आधी खाली ठेवते आणि मग हसते, म्हणून इथं लिहून ठेवतो. मी चिडका नाही, मला चिडवलं जातं. आमच्या कझाक मुलखातल्या कारागांदा शहरात, एका ड्रायव्हिंग शाळेत मी वर्षानुवर्षं वाहतुकीचे नियम शिकवतोय, आणि माझेच विद्यार्थी लाल दिवा असताना माझ्याच अंगावर गाडी घालतात. वर काच खाली करून "सलाम, ओराझबेक सर!" असं ओरडतात. तुम्ही असता तर काय केलं असतं? ओवाळलं असतं?

असो. कॅमेऱ्याचं सांगतो.

त्याची सुरुवात झाली बातिमा मावशींच्या थडग्यापासून. बातिमा मावशी म्हणजे आईची मैत्रीण. दोघींनी अख्खी उमर एकाच पाव-कारखान्यात काढली. मावशी गेल्या, वर्ष झालं, वर्षाचं जेवण झालं, आणि त्यांच्या मुलानं थडग्यावर काळा दगड बसवून त्यावर मावशींचा चेहरा कोरून घेतला. मुल्ला अशा चेहऱ्यांना नाक मुरडतात, पण आमच्याकडे कोण ऐकतंय? आई तो दगड बघून आली आणि कोटही न काढता स्वयंपाकघरात येऊन बसली.

"बघितलास तो दगड?" आई म्हणाली.

"बघितला. सुंदर आहे."

"तेच तर! बातिमा सुंदर कधी होती रे? भट्टीसमोर उभं राहून राहून त्या बाईचं कपाळ भाजलं होतं. त्या आठ्या कष्टाच्या होत्या. मेल्या मोबाइलनं सगळ्या पुसून टाकल्या. दगडावर सोललेलं अंडं बसवलंय! उद्या तिची माणसं तिथं जाऊन कुराण पढणार, ते कुणासाठी? अंड्यासाठी?"

मी म्हटलं, "हल्ली फोनमध्ये आपोआप होतं ते."

"माझं व्हायला नको. मला माझा चेहरा पाहिजे, जसा आहे तसा. खऱ्या कॅमेऱ्यानं काढलेला, आणि तू काढायचा. स्टुडिओतला पोरगा 'आजी, हसा' म्हणतो. थडग्यावर कोण हसतं?"

"आई, तू ठणठणीत आहेस."

"म्हणूनच आत्ता काढायचा. नंतर काढणार आहेस का?"

मला भयंकर राग आला. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, पुढ्यात कणकेच्या गरम तळलेल्या बाऊरसाकांची परात, आणि स्वतःच्या थडग्याची चर्चा करता करता मला विचारते, लोणी घेतोस का. ही काय चहाच्या वेळची बोलणी झाली? पण आईपुढं माझं आजवर काही चाललेलं नाही. मी लोणी घेतलं आणि कॅमेरा आणतो असंही कबूल करून बसलो.

नवा कॅमेरा आमच्यासारख्यांनी दुकानाच्या काचेबाहेरूनच बघायचा असतो. तेव्हा जुना घ्यायचा ठरलं. हे ठरलं आमच्या स्वयंपाकघरात, दार लावून, आणि मी कचरा टाकायला खाली उतरेपर्यंत सगळ्या जिन्याला माहीत! तळमजल्यावरच्या रायखान आपा दारातच उभ्या होत्या.

"कॅमेरा घेताय म्हणे. माझ्या सुनेच्या फोनला चार भिंगं आहेत. तुमच्या कॅमेऱ्याला किती असतील?"

"एक," मी म्हणालो.

"मग?" असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. या "मग" ला मला अजून उत्तर सापडलेलं नाही, आणि त्या बाई गेला महिनाभर ते मला जिन्यात विचारतायत.

वरच्या मजल्यावरचे व्हिक्टर कार्लोविच हे निराळं प्रकरण. खाणीच्या कचेरीतून निवृत्त झालेले जर्मन गृहस्थ. नातेवाईक सगळे जर्मनीला निघून गेले, हे राहिले, कारण ते गेले तर मला अक्कल कोण शिकवणार? तरुणपणी ते फिल्मवर फोटो काढायचे आणि न्हाणीघरात धुवायचे. ते मला म्हणाले, "डिजिटलमध्ये फोटो नसतो, ओराझ, नुसते आकडे असतात. आईचे आकडे कोरणार का तू दगडावर?" मी ऐकत नाही म्हटल्यावर सूर बदलला. "मग निदान जुन्यातला जुना घे. नवे सगळे खोटारडे. आणि हे बघ, बाजारात एकटा जाऊ नकोस. तुला गंडवतील. मी येतो."

आले. रविवारी आम्ही दोघं जुन्या बाजारात गेलो. तिथं एकानं मोटारीच्या बॉनेटवर सतरंजी टाकून कॅमेरे मांडले होते. मोटार उजव्या हाताच्या स्टीयरिंगची, जपानहून आलेली. माझं पित्त तिथंच खवळलं. आमच्याकडे वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, तिथं असल्या गाडीनं पुढच्या ट्रकला ओलांडायचं म्हणजे ड्रायव्हरला दिसत काहीच नाही, नुसती श्रद्धा. पण मी गाडी घ्यायला आलो नव्हतो. काळा, जाडजूड, वजनदार असा एक कॅमेरा मला आवडला.

"चालतो का?" मी विचारलं.

"अहो, जपानी आहे!"

"ते कळलं. चालतो का?"

"याच गाडीबरोबर आला. जपानी माणूस वस्तू कशी वापरतो माहितीये ना?"

"बॅटरी कुठाय?"

"बॅटरी असती तर मीच नसता का वापरला?"

"आणि मेमरी कार्ड?"

"ते वेगळं मिळतं."

"कुठं?"

त्यानं आभाळाकडं बघून जरा विचार केला. "पूर्वी मिळायचं," तो म्हणाला.

मी मनाशी ठरवलं होतं की आता तोंड वाकडं करायचं, कॅमेरा खाली ठेवायचा, चार पावलं चालायचं आणि त्याला हाक मारायला लावायचं. ही काय शिकवायची गोष्ट आहे? पण मी तोंड वाकडं करतोय न करतोय तोच व्हिक्टर कार्लोविचनी तो कॅमेरा उचलला, डोळ्याला लावला आणि सबंध बाजाराला ऐकू जाईल असे ओरडले, "अरे वा! काय भिंग आहे!" विक्रेत्याचा चेहरा असा खुलला की विचारू नका. त्यानंतर त्यानं एक छदाम कमी केला नाही. आणि हे मला गंडवू नये म्हणून बरोबर आले होते!

पुढचे दिवस माझे कसे गेले ते माझं मला माहीत. बॅटरीसाठी मी लग्नाचे फोटो काढणाऱ्यांच्या दारोदार हिंडलो. प्रत्येकानं आधी कॅमेरा हातात घेऊन "अरेरे" म्हटलं आणि मग नाही म्हटलं. शेवटी एका घड्याळजीनं आपल्याकडच्या जुन्या बॅटरीत नवा जीव घालून दिला. कार्ड मिळालं मर्जानच्या ऑफिसातल्या एका बाईंच्या ड्रॉवरमध्ये. जाडजूड, बिस्किटाएवढं. त्यावर त्यांचे तुर्कस्तानच्या सहलीचे फोटो होते, ते पुसू नका म्हणाल्या. म्हणजे माझ्या आईचा चेहरा समुद्रकाठच्या आंघोळीच्या कपड्यातल्या बायकांशेजारी साठवायचा.

कॅमेरा सुरू झाला, आणि पडद्यावर सगळं जपानी! दुसरी भाषाच नाही त्यात. तो काहीतरी विचारायचा, मी बटण दाबायचो, तो पुन्हा तेच विचारायचा, जरा मोठ्या अक्षरांत. मर्जान म्हणाली, "अहो, फोन धरा ना समोर, फोन भाषांतर करतो." फोन धरला. फोननं सांगितलं, "तुमच्या आयुष्यात सध्या कार्ड नाही." ज्या फोनला आईनं लाथाडलं, त्याच फोनचे पाय धरून मी कॅमेरा चालवायला शिकलो. अंगाचा नुसता तिळपापड झाला माझा.

तरी शिकलो. आणि आईचा फोटो काढण्याआधी एकदा हात बसावा म्हणून चौकातल्या वाहतूक दिव्याचा फोटो काढायला गेलो. दिव्याच्या मागं एक सरकारी इमारत होती. तिच्या दारातून पहारेकरी धावत आला.

"फोटो बंद!"

मी म्हटलं, "बाबा रे, ती बघ, ती पोरगी तुझ्याच दारात उभी राहून फोटो काढतेय."

"ती फोननं काढतेय. हे यंत्र आहे. यंत्राला परवानगी लागते."

"कुठल्या नियमाप्रमाणं?"

तेवढ्यात त्यानं मला नीट निरखून पाहिलं, आणि त्याच्या तोंडावर असं समाधान पसरलं की मी कॅमेरा पाठीमागं लपवला.

"ओराझबेक सर! ओळखलं नाहीत? तुम्ही मला नापास केलं होतं. चौकात उजवीकडच्याला आधी जाऊ द्यायचं, ते मी विसरलो होतो."

मग काय विचारता. मला त्याच्या खोपटात बसवून त्यानं लेखी खुलासा लिहून घेतला. "मी खाली सही करणार, अमुक अमुक, वाहतुकीच्या दिव्याचा फोटो काढत होतो." का काढत होतो? आईच्या थडग्यासाठी. त्यानं वाचलं, लाल पेन काढलं आणि म्हणाला, "सर, यात काही जुळत नाही. पुन्हा लिहा." मी पुन्हा लिहिलं. त्यानं पुन्हा परत दिलं, समासात जागा सोडली नाही म्हणून. समास! मी शिकवलेला पोरगा मला समास शिकवतोय! घरी आलो तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि फोटो पुसून टाकलेला होता.

पण काही का असेना, कॅमेरा चालू झाला होता. मी तो आईपुढं धरला आणि म्हणालो, "झालं बघ! सगळं चालू आहे. बस खिडकीशी."

आई बसली नाही. आधी म्हणाली, उजेड बरा नाही. दुसऱ्या दिवशी तिचा पांढरा किमेशेक कुल्यान ताईकडं धुवायला गेला होता. थोरल्या बहिणीकडून तो डोईचा साज मी स्वतः जाऊन आणला, तर म्हणे दातांची कवळी टोचतेय. कवळीचं झालं, तर म्हणे, "ज्या वस्तूला अजून चार माणसांनी 'लाभो' म्हटलं नाही, तिच्यापुढं मी नाही बसायची. आधी लोकांना जेवायला बोलाव."

बोलावलं. मर्जाननं मटणाचं बेशबरमाक रांधलं. आता आमच्यात कुणी नवी वस्तू घेतली की बघणाऱ्यानं तिची बायगाझी द्यायची असते, म्हणजे काहीतरी हातावर ठेवायचं. रायखान आपांनी दारातच वाद काढला, की जुन्या वस्तूला बायगाझी लागू होते का? व्हिक्टर कार्लोविच म्हणाले, अर्धी होते. शेवटी रायखान आपांनी माझ्या हातावर साबणाची वडी ठेवली. वापरलेली. "जुन्याला जुनं," त्या म्हणाल्या. हसा, तुम्हीही हसा.

कुल्यान ताई आली ती आपल्या मुलाला, तोक्तारला, घेऊन. हा माझा भाचा. बटाट्याचा ठोक व्यापारी, दारातून आडवा येणारा माणूस, आणि माझ्याहून दोन वर्षांनी मोठा! आई आणि ताई यांची बाळंतपणं पाठोपाठ झाली, त्यात माझा काय दोष? शाळेत तो माझ्या पुढच्या इयत्तेत होता आणि मला "मामा, मामा" म्हणत बडवायचा. लोकांना वाटायचं, किती प्रेमळ.

जेवणं झाली. तोक्तारनं हात पुसले, कॅमेरा उचलला, उलटा केला, सुलटा केला, "भारी आहे हं मामा" म्हणाला, आणि उभा राहिला.

"मामा, भाच्याचा हक्क मागतो. हा मला दे!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नियमच आहे आमच्यात. बहिणीच्या मुलानं मामाच्या घरातली कुठलीही वस्तू मागावी आणि मामानं ती द्यावी, तीही हसत. पण तीनदा! आयुष्यात फक्त तीनदा.

"थांबा!" मी ओरडलो. "तीन झाले त्याचे! पहिलं शिंगरू, मग बाबांचं अकॉर्डियन, मग माझी बाजूगाडीवाली मोटारसायकल. तीन! संपला हक्क!"

"शिंगरू त्याच हिवाळ्यात मेलं," तोक्तार म्हणाला. "मेलेलं कुठं धरतात?"

"मेलं तुझ्याकडं जाऊन! तू मारलंस!"

"मेलेलं धरावं की नाही," व्हिक्टर कार्लोविच बोटं गुंफत म्हणाले, "हा खरोखर विचार करण्यासारखा प्रश्न आहे." यांना कुणी विचारलं होतं? यांचे भाचे हॅनोव्हरला! रायखान आपांचं मत पडलं की अकॉर्डियन वाजत असेल तरच धरावं. ताई म्हणाली, एवढ्याशा डब्यासाठी सख्ख्या भाच्याला तोडतोस का रे? मी सांगत होतो की हा डबा मी कशासाठी आणलाय ते तुम्हाला माहितीये, आईचा फोटो अजून निघायचाय, पण बोलू देतंय कोण? शेवटी सगळ्यांनी आईकडं पाहिलं. घरात वडीलधारी तीच, शिवाय तिन्ही वेळची साक्षीदार.

आईनं पेल्यातला चहा संपवला. मग म्हणाली, "शिंगरू त्यानं मागितलं नव्हतं. मी आपणहून दिलं होतं."

"आई! मी तिथं होतो! तू मला म्हणालीस, 'दे रे, नियम आहे'!"

"तू लहान होतास."

"तोही लहान होता!"

"म्हणूनच त्याला दिलं."

"हा काय न्याय झाला?"

"मामा," तोक्तार कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात अडकवत म्हणाला, "नियम म्हणजे नियम." हे वाक्य मी दर वर्गाच्या पहिल्या दिवशी फळ्यावर लिहितो.

मी म्हटलं, निदान आईचा एक फोटो काढून घेऊ दे, मग ने. तोक्तारनं कॅमेरा लगेच पुढं केला, तेवढं कबूल केलं पाहिजे. तर आईच म्हणाली, "नको. तुझे हात थरथरतायत रागानं. हललेला येईल." आणि कॅमेरा गेला. मी नियमाप्रमाणं हसलो. माझं ते हसू बघून रायखान आपा धावत जाऊन पाणी घेऊन आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईशी बोलत नव्हतो. हे मी तिला पुन्हा पुन्हा बजावून सांगितलं. तिनं माझ्यापुढं चहा ठेवला, दूध घातलं, आणि माझा बांध फुटला.

"खोटं बोललीस तू! चार लोकांत, तोंड वर करून! कुत्र्यासारखा बाजारात हिंडलो मी. नापास पोरापुढं समास सोडत बसलो. रायखान आपांचा साबण हातावर घेतला. कुणासाठी? तूच म्हणालीस, चेहरा पाहिजे, खरा पाहिजे, मीच काढायला पाहिजे. आता कुठाय फोटो? सांग ना, कुठाय?"

"नाहीये ना?" आई म्हणाली.

"नाहीये!"

"मग मला जाता यायचं नाही." तिनं बाऊरसाक चहात बुडवला. "फोटो नाही तर दगड नाही. बिनतोंडाची पडून राहू का मी तिथं?"

मी चहाचा पेला खाली ठेवला.

"परवा तू तो डबा माझ्यापुढं धरलास," आई म्हणाली, "आणि म्हणालास, झालं, सगळं चालू आहे, बस खिडकीशी. मला वाटलं, आता निघायचंच राहिलं रे. एवढ्या लवकर कशाला चालू केलास? तुला प्रत्येक कामाची घाई. दुसरा आण आता. पण सावकाश, नीट बघून आण."

मला काय काय वाटलं ते सांगत बसत नाही. राग आला, एवढं खरं. तिचाही आला आणि माझाही आला. लोणी न मागता तिनं वाढलं, ते मी खाल्लं.

पुढच्या रविवारी मी पुन्हा बाजारात गेलो. व्हिक्टर कार्लोविच होतेच. एका कोपऱ्यात निळा रुमाल बांधलेली एक बाई बसली होती, तिच्यासमोर एकच कॅमेरा, मूळ खोक्यासकट. तिच्या नवऱ्याचा होता. तो गेल्यावर तिनं तो पुसून, गुंडाळून ठेवला होता.

"बॅटरी?" मी गुरकावलो.

"दोन आहेत. कालच भरून ठेवल्यात."

"कार्ड?"

"आतच आहे. रिकामं केलंय."

"भाषा जपानी असेल."

"रशियन आहे. बघा ना." आणि मी नको म्हणायच्या आत तिनं माझा फोटो काढून मला दाखवला. पडद्यावर एक लाल तोंडाचा माणूस माझ्याकडं डोळे वटारून बघत होता. एकेक आठी दिसत होती, एकेक सुरकुती. कुठं काही पुसलेलं नाही, कुठं काही लपवलेलं नाही. आईला हवा होता तसाच, अगदी तंतोतंत तसा. किंमतही मला झेपणारी होती.

"घे!" व्हिक्टर कार्लोविच माझी बाही ओढत कुजबुजले. "ओराझ, मूर्खासारखा बघत काय बसलास, घे! असा पुन्हा मिळायचा नाही."

"काहीतरी बिघडलेलं असेल," मी म्हणालो.

"काहीसुद्धा बिघडलेलं नाही," ती बाई दुखावून म्हणाली. "अगदी व्यवस्थित चालतो."

"मग नको," मी म्हणालो आणि चालू लागलो.

घर येईपर्यंत व्हिक्टर कार्लोविच मला शिव्या घालत होते, जर्मनमधून, रशियनमधून आणि त्यांना येते तेवढ्या कझाकमधून. मी त्यांना एका शब्दानं उलट बोललो नाही.